कागदावरची लिंक

प्रतीक्षा ओव्हाळनं आणून दिलेला कागद अनघाबाईंनी तीनदा वाचला, आणि तिसऱ्या वेळी त्यावरच्या “येथे क्लिक करा” या शब्दांवर त्यांचं बोट आपसूक टेकलं. काही झालं नाही. कागदच तो, होणार काय? त्यांनी बोट हळूच मागं घेतलं आणि कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून वर बघितलं. प्रतीक्षानं पाहिलं होतं. पण ती बोलली नाही, कारण सकाळी सहाआसनी रिक्षात बसून येताना तिनंही दोनदा तेच करून बघितलं होतं.

कागद लोणावळ्याच्या ‘गिरिछाया’ रिसॉर्टकडून आलेल्या मेलचा होता. आपल्या लेखी उत्तरावरून आपली निवड मुलाखतीसाठी झाली आहे, मुलाखत आज सकाळी अकरा वाजता ऑनलाइन होईल, सामील होण्यासाठी येथे क्लिक करा. कॉलेजच्या भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

“हे तुला दिलं कुणी?”

“रिक्षावाल्या आदिनाथदादानं. त्याच्याकडं बद्रुद्दीनचाचांनी दिलतं. ओव्हाळांच्या पोरीचं हॉलतिकीट हाय म्हणाले, तिच्याच हातात दे.”

“आणि हे लेखी उत्तर? ते कधी लिहिलंस?”

“तेच तर विचारायला आले मॅडम,” प्रतीक्षा म्हणाली. “मी कायच लिहिलेलं न्हाई.”

अनघाबाई खुर्चीवर बसल्या. त्या वडगावच्या कॉलेजात मराठी शिकवत. संगणकाशी त्यांचा संबंध शिक्षकांच्या ग्रुपवर रोज पहाटे एक श्लोक टाकण्यापुरता होता. पण जूनमध्ये प्राचार्यांनी त्यांना बोलावून सांगितलं, की विद्यापीठानं शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी तीस तासांचा वर्ग काढला आहे, नोकरीच्या जागी लागणारी डिजिटल कौशल्यं शिकवण्याचा, आणि तो घेण्याजोगं आपल्या कॉलेजातलं एकच नाव विद्यापीठाच्या यादीत आहे. तुमचं. प्रशिक्षण पूर्ण, परीक्षेत ब्याण्णव टक्के. अनघाबाईंना अशी परीक्षा दिल्याचं काही आठवेना. पण गेल्या पाचसहा वर्षांत कॅमेरा बंद ठेवून आणि मेथी निवडत त्यांनी इतकी ऑनलाइन व्याख्यानं ऐकली होती, की त्यातलंच एखादं असेल असं त्यांनी धरलं. शिवाय ब्याण्णव टक्के पडलेत म्हटल्यावर ते आपले नव्हेत असं सांगायला जीभ जरा जडच होते.

मग त्या आदल्या संध्याकाळी स्वतः शिकत आणि दुसऱ्या दिवशी मुलांना शिकवत. संगणक बारा होते, त्यातले सात सुरू होत आणि पाच सुरू झाल्यासारखे वाटत. तरी चौदा मुलं मेल लिहायला शिकली, तक्ते भरायला शिकली, कॅमेऱ्यासमोर बसताना पाठीमागचे दोरीवरचे कपडे काढायला शिकली. प्रत्येकाचा स्वतःचा मेलचा पत्ता उघडून झाला. पासवर्ड कुणालाही सांगायचा नाही, हा धडा तीन दिवस चालला, कारण औंढ्याच्या आकाशनं आपला पासवर्ड विसरू नये म्हणून प्रयोगशाळेच्या भिंतीवर पेन्सिलीनं लिहून ठेवला होता. आणि रोज तास संपताना बाई एक वाक्य सांगत, “आधी समोरच्याचं ऐकून घ्यायचं, कळ मागाहून दाबायची.”

हे सगळं त्यांनी आवाज न चढवता केलं होतं. दर चातुर्मासात त्या एक नेम धरत. कधी मीठ सोडत, कधी पायात चप्पल घालत नसत. यंदाचा नेम होता चार महिने कुणावरही आवाज न चढवण्याचा. चढलाच, तर त्या दिवशी जपाची एक माळ जास्त. मीठ सोडणं फार सोपं होतं, असं आता त्यांचं मत झालं होतं. चातुर्मास संपायला आठ दिवस उरले होते.

गिरिछाया रिसॉर्ट या वर्गातून एकाच विद्यार्थ्याला आरक्षणाच्या कचेरीत घेणार होतं. आधी मेलवर एक लेखी प्रश्न येईल, मग मुलाखत, असं ठरलं होतं. दहा दिवस चौदाही मुलं रोज आपापला मेल उघडून बघत होती, आणि त्यात बाईंनीच सरावासाठी पाठवलेल्या मेलांशिवाय काही नव्हतं. कंपन्यांना वेळ लागतो, असं बाई समजावत होत्या.

प्रतीक्षाला मात्र वेळ नव्हता. वडिवळ्याला घरी ती आणि तिची आई हिरा, दोघीच. हिराला एका डोळ्यानं दिसत नव्हतं आणि दिवेलागणीनंतर दुसऱ्याचाही भरवसा नव्हता. पिंपरीच्या मावशीनं प्रतीक्षासाठी पॅकिंगच्या कंपनीत काम बघून ठेवलं होतं, एक तारखेपासून, राहायचं मावशीकडं. लोणावळ्याची नोकरी मिळाली तर पोर रोज अंधार पडायच्या आत घरी येणार होती. न मिळाली तर हिरा संध्याकाळची चूल एकटीनं, चाचपडत पेटवणार होती. एवढंच होतं, पण त्या घरात त्याहून मोठं काही नव्हतं.

अनघाबाईंनी ऑफिसातल्या गोरखभाऊंना फोन लावला. रिसॉर्टला मुलांचे पत्ते कुठले पाठवलेत, असं त्यांनी हळुवार विचारलं.

“ॲडमिशनच्या फॉर्मवरचे, मॅडम,” गोरखभाऊ म्हणाले. “चौदाच्या चौदा पत्ते सारखेच होते. ‘वडगावसेवा’ असं कायतरी. मला वाटलं, कॉलेजचंच असंल.”

ते कॉलेजचं नव्हतं. तहसील कचेरीसमोर बद्रुद्दीनभाईंचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान होतं, त्याचा तो पत्ता होता. मावळातल्या निम्म्या गावांची ॲडमिशन, शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, सातबारा, सगळं या साठीच्या माणसाच्या हातून भरलं जाई. लोक पासवर्ड विसरतात आणि मग फॉर्म अडकतो, म्हणून ते प्रत्येक अर्जात आपलाच पत्ता घालत. उत्तर आलं की त्याची प्रिंट काढत, वर नाव लिहून चिमट्याला लावत आणि त्या गावाला जाणाऱ्या रिक्षात देत. इतक्या वर्षांत त्यांच्याकडचा एकही अर्ज शेवटच्या तारखेला चुकला नव्हता, आणि हे ते गिऱ्हाइकाला स्वतः सांगत नसले तरी दुकानात पाटीवर लिहिलेलं होतं.

बाईंनी त्यांना फोन लावला. लिंक नुसती पुढं पाठवली असती तरी भागलं असतं. फोन वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. दहा वाजून बत्तीस.

“चल,” बाई म्हणाल्या आणि पदर खोचला.

त्या दिवशी बाजार होता. कॉलेजपासून तहसील कचेरी एरवी बारा मिनिटांवर, पण रस्त्याच्या मधोमध कांद्याचा टेंपो आडवा लागलेला आणि त्याच्या दोन्ही अंगांना माणसं, पाट्या, सायकली. अनघाबाई टेंपोवाल्यापाशी जाऊन म्हणाल्या, “दादा, जरा बाजूला घेता का?” त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच जेमतेम ऐकू आला. त्यांनी पुन्हा तितक्याच प्रेमानं विनंती केली. टेंपोवाला कांदे मोजत राहिला.

प्रतीक्षानं घड्याळ बघितलं. “मॅडम, तुमचा नेम हाय. माझा न्हाई,” ती म्हणाली, आणि तिनं वडिवळ्याच्या धरणापलीकडच्या म्हशी परतवताना लावतात तसला आवाज लावला. टेंपो हललाच, पण त्याच्या मागच्या दोन सायकलीही हलल्या आणि एका भेळवाल्यानं आपली गाडी उगाचच गटारापलीकडं नेऊन ठेवली. दुसऱ्याच्या आवाजाची माळ आपल्याला लागते का, याचा विचार करत बाई तिच्या मागून चालू लागल्या.

दुकानाशी पोचल्या तेव्हा अकराला पाच मिनिटं कमी होती. दारात अंगठ्याच्या मशीनपाशी येसूबाई नावाची एक म्हातारी ठाण मांडून बसली होती, आत बाकावर तीनचार माणसं, आणि पडद्यासमोर स्वतः बद्रुद्दीनभाई, कानाला हेडफोन, डोक्यावर टोपी नीट बसवलेली. पडद्यावर एक तरतरीत बाई दिसत होत्या. आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, बद्रुद्दीनभाईंच्या पांढऱ्या दाढीखाली, ठळक अक्षरांत नाव होतं: प्रतीक्षा ओव्हाळ.

“बद्रुद्दीनभाई,” अनघाबाई म्हणाल्या, आणि दुकानातली सगळी माणसं वळून बघू लागली, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की एक माळ लागली.

“आली, आली मुलगी,” बद्रुद्दीनभाई पडद्याकडं बघून आनंदानं म्हणाले, आणि हेडफोन काढून, त्याची वायर संगणकातून उपसून बाईंकडं वळले. “मॅडम, फोन घेता आला नाही. नंबर लावून बसलो होतो. पावणेअकराला बघतो तर दार उघडलेलं, आत कुणी नाही. म्हटलं, दुसरं कुणी घुसलं तर पोरीचा नंबर जाईल. म्हणून जागा धरली.”

तहसील कचेरीसमोर आयुष्य गेलेल्या माणसाला यात काही चुकतंय असं वाटायचं कारण नव्हतं. तिथं लोक पिशवी ठेवून जागा धरतात, चप्पल ठेवून धरतात. ते तर स्वतः बसले होते.

पडद्यावरच्या बाईंनी आपण रुपाली, रिसॉर्टच्या नेमणुका बघते, अशी ओळख करून दिली. दहा मिनिटं त्या चाचांशी बोलत होत्या, आणि चाचांनी त्यांच्या वडिलांच्या आधार कार्डावरची जन्मतारीख कशी दुरुस्त करायची ते इतकं नीट सांगितलं होतं, की त्यांचा सूर फार गोड होता. प्रतीक्षा स्टुलावर बसली. तिनं केसांवरून हात फिरवला, पाठीमागं दोरीवर काही नाही ना ते बघितलं. होतं. दाखल्यांच्या झेरॉक्स वाळत घातल्यासारख्या चिमट्यांना लटकत होत्या. पण आता इलाज नव्हता.

“प्रतीक्षा, तुझं उत्तर मी आमच्या मालकांना वाचून दाखवलं,” रुपालीताई म्हणाल्या. प्रश्न असा होता, त्यांनी बाकीच्यांनाही कळावं म्हणून सांगितलं, की खोलीत गरम पाणी आलं नाही आणि तीनदा सांगूनही कुणी फिरकलं नाही अशी एका पाहुण्याची तक्रार आली आहे, तिला उत्तर लिहा. “बाकीच्या तेरा उत्तरांत पाहुण्याकडं रहिवासी दाखला आणि दोन फोटो मागितलेत. का ते मला अजून कळलेलं नाही. पण तुझं बघ. ‘आपण तीनदा सांगितलंत. चौथ्यांदा सांगायची वेळ आपल्यावर यायला नको होती. पाणी आता गरम आहे, मी हात घालून पाहिलं आहे.’ हे ‘हात घालून पाहिलं आहे’ तुला सुचलं कसं?”

प्रतीक्षा पडद्याकडं बघत राहिली. नुसतं हसली असती, सुचलं आपलं, एवढं म्हणाली असती, तर तिथंच नोकरी हातात होती. प्रतीक्षानं एकदा बाईंकडं बघितलं. बाईंनी मान खाली घातली, कारण वर बघून काय खूण करावी हे त्यांना कळेना.

“मॅडम, हे मी लिहिलेलं न्हाई,” प्रतीक्षा म्हणाली.

“ते मी लिहिलंय,” बद्रुद्दीनभाई मागून अभिमानानं म्हणाले. “चौदाही मीच लिहिली. पाच वाजेपर्यंतची मुदत होती. पोरं कॉलेजात, आणि मुदत चुकली तर वर्ष जातं. तेरा नेहमीसारखी लिहिली. ही शेवटची, तोवर दमलो होतो, मग आपलं मनात आलं तसं लिहून टाकलं.”

पडद्यावर रुपालीताईंचा चेहरा हळूहळू बदलत गेला, आणि तो बदलताना बघून बद्रुद्दीनभाईंचाही बदलला. आपण कुणाचं तरी भलं करता करता काय करून बसलो, ते त्यांना बहुधा त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

“ताई, चूक माझी आहे. मुलीला काही ठाऊक नव्हतं. जी काय शिक्षा असेल ती मला करा.”

“तुम्हाला काय शिक्षा करणार चाचा,” रुपालीताई म्हणाल्या. “तुम्ही नोकरी मागितलीच नाहीत. पण माझ्यापुढं आता या मुलीचं एकही अक्षर नाही. मी कशावरून ठरवू? थांबा, मी मालकांशी बोलून येते.” आणि त्यांनी आपला आवाज बंद केला. चित्र मात्र तसंच होतं. त्या फोन कानाला लावून बोलत होत्या आणि नजर पडद्यावर होती.

इकडं येसूबाईंचा धीर सुटला. सकाळी नऊपासून त्या बसल्या होत्या. त्यांचे यजमान रेल्वेत होते, त्यांच्या माघारी पेन्शन येसूबाईंना मिळे, आणि त्यासाठी दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत असा दाखला द्यावा लागे. आयुष्यभर भातलावणी करून त्यांच्या अंगठ्याच्या रेघा पुसल्या होत्या, आणि मशीन त्यांना ओळखायला तयार नव्हतं.

“मी हितं जित्ती बसलीया,” त्या म्हणाल्या, “आन् ह्यो डबा म्हंतो न्हाई. सकाळधरनं चारदा अंगठा दिला. आता काय मरून दाखवू व्हय? मंग तरी पटंल का त्याला?”

बद्रुद्दीनभाई टोपी हातात घेऊन तसेच उभे होते. अनघाबाई म्हातारीला गप्प करायला पुढं झाल्या, पण त्यांच्या आधी प्रतीक्षा स्टुलावरून उठली होती. मुलाखत गेलीच, असं तिनं मनाशी धरलं असावं. ती येसूबाईंच्या शेजारी जमिनीवर बसली आणि काही न बोलता त्यांचं सगळं ऐकून घेतलं. अंगठ्याचं ऐकलं, गेल्या वर्षीच्या अंगठ्याचं ऐकलं, बस चुकल्याचं ऐकलं, सुनेनं डब्यात भाकरी कमी दिल्याचंही ऐकलं. मग म्हणाली, “आज्जी, तुमी चारदा अंगठा दिलाय. पाचव्यांदा नगं. आता तोंडावरनं वळख पटवू.”

तिनं चाचांचा मोबाइल घेतला, चेहऱ्यावरून दाखला देणारं ॲप उघडलं आणि येसूबाईंच्या समोर धरलं. पडद्यावर सूचना आली: डोळे मिचकवा.

“काय म्हंतंय त्ये?”

“डोळं मिचकवा म्हंतंय.”

येसूबाईंनी पदर डोक्यावर ओढला. “चारचौघांत? बाप्यांम्होरं? ह्या वयाला? आमचं म्हातारं असतं तर काय म्हणालं असतं?”

“आज्जी, जित्तं माणूसच डोळं मिचकवतं, फोटो न्हाई मिचकवत. त्याला तेवढंच बघायचंय.”

“बघू दे. मी न्हाई करायची.”

प्रतीक्षानं जरा विचार केला. “बरं, तुमी एकट्या नगा. मी बी मिचकवते. दोघी मिळून.”

“ह्या बाकड्यावरच्यांनी बी,” येसूबाई म्हणाल्या. “कुणी एकानं माझ्याकडं बघत बसायचं न्हाई.”

बाकावरच्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं आणि मान डोलावली. प्रतीक्षानं एक, दोन, तीन म्हटलं, आणि वडगावच्या तहसील कचेरीसमोर त्या दुकानात सगळ्यांनी मिळून डोळे मिचकवले. अनघाबाईंनी मिचकवले, बद्रुद्दीनभाईंनी मिचकवले, सातबाऱ्याला आलेल्या एका गृहस्थांनी तर दोनदा मिचकवले. मोबाइल टिंग वाजला. दाखला झाला.

“झालं?” येसूबाई म्हणाल्या. “येवढंच व्हय? मंग मला सकाळधरनं कशाला ताटकळत ठिवलं?” आणि पिशवी उचलून त्या बस गाठायला निघाल्या.

अनघाबाईंनी सहज संगणकाकडं बघितलं. रुपालीताईंच्या कानाला फोन नव्हता. त्या दोन्ही कोपरं टेबलावर टेकून बघत होत्या, आणि अनघाबाईंची खात्री होती की एक, दोन, तीनला त्यांनीही डोळे मिचकवले होते.

रुपालीताईंनी आवाज चालू केला. “मॅडम,” प्रतीक्षा स्टुलावर परत येत म्हणाली, “ते गरम पाण्याचं उत्तर मी आत्ता लिहू का? पाच मिनिटं द्या. मुदत संपली असंल तर ऱ्हाऊ द्या.”

“लिही,” त्या म्हणाल्या. “आणि तुझ्या स्वतःच्या पत्त्यावरून पाठव.”

प्रतीक्षानं दोन बोटांनी टाइप केलं. आधी विषय, मग नमस्कार, मग मजकूर. चार ओळी झाल्या. चाचांच्या उत्तराइतक्या त्या सुंदर नव्हत्या, हे अनघाबाईंना मराठीच्या शिक्षिका म्हणून कळलं. पण शेवटी तिनं लिहिलं होतं, की मी स्वतः येऊन आधी आपलं सगळं ऐकून घेते, मग काय करायचं ते करू. बाईंनी चष्मा काढून पुसला. रुपालीताई म्हणाल्या की सगळ्याच मुलांना नवा प्रश्न त्यांच्या खऱ्या पत्त्यावर जाईल, न्याय सगळ्यांना सारखा, आणि निकाल आठवड्यात कळवू.

तो आठवडा अनघाबाईंना चातुर्मासाच्या बाकीच्या दिवसांइतकाच लांब गेला. रोज माळ ओढताना त्यांचं मन वडिवळ्याच्या त्या चुलीपाशी जाई. नव्या परीक्षेत आकाशनंही चांगलं लिहिलं होतं, तेजल नावाच्या मुलीनं तर फारच. देवाकडं एकीसाठी मागावं तर दुसऱ्यांवर अन्याय, म्हणून त्या नुसतंच हात जोडत आणि काय ते त्याच्यावर सोडत.

एकादशी झाली, नेम संपला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतीक्षाच्या स्वतःच्या मेलवर रिसॉर्टचं पत्र आलं. एक तारखेपासून रुजू व्हावं. वेळ सकाळी आठ ते साडेचार.

त्या दुपारी अनघाबाई बद्रुद्दीनभाईंच्या दुकानात गेल्या. चौदाही मुलांचे पत्ते सगळ्या अर्जांत बदलून घ्यायचे होते, आणि त्यांना चाचांशी दोन शब्द बोलायचेही होते. नेम संपलेला असला तरी हळूच बोलायचं, असं त्यांनी वाटेत ठरवलं होतं. प्रतीक्षा आधीच तिथं होती. नव्या भाताच्या इंद्रायणी तांदळाच्या दोन पिशव्या तिनं आणल्या होत्या, एक चाचांना आणि एक बाईंना. हिरानं पाठवल्या होत्या, आणि त्यातले खडे तिनं स्वतः चाचपून काढले होते.

“बद्रुद्दीनभाई,” अनघाबाईंनी सुरुवात केली, “तुमचं मन मोठं आहे, कुणी नाकारत नाही. पण दुसऱ्याची परीक्षा आपण देणं बरं नव्हे. त्यानं शिकायचं राहून जातं. आणि ज्याला सर्टिफिकेट मिळतं त्याची नंतर किती पंचाईत होत असेल, याचा विचार करायला हवा.”

बद्रुद्दीनभाईंनी मान डोलावली. त्यांना ते अगदी पटलं होतं. मग ते जरा घुटमळले, उठले आणि चिमट्यांच्या रांगेतल्या सगळ्यात टोकाच्या चिमट्याचे कागद काढून त्यांनी बाईंपुढं ठेवले.

“मग हे तुम्हाला सांगायला हवं,” ते म्हणाले. “सहा वर्षांपूर्वी कॉलेजचं नेट बंद होतं, तेव्हा तुम्ही बढतीचा फॉर्म इथं भरला होता. तेव्हापासून विद्यापीठाचं तुमचं सगळं इथंच येतं. मी कॉलेजच्या पत्त्यावर दोनदा पाठवलं, गोरखभाऊंनी कुठं ठेवलं कोण जाणे. एप्रिलात हे आलं. शिक्षकांचं प्रशिक्षण, शेवटी परीक्षा. शेवटची तारीख तीस होती.”

अनघाबाईंनी कागद हातात घेतला. डिजिटल कौशल्यं, प्रशिक्षकांसाठी अभ्यासक्रम. खाली त्यांचं नाव. ब्याण्णव टक्के.

“बारा दिवस रोज दुकान बंद झाल्यावर तासभर बसायचो,” बद्रुद्दीनभाई म्हणाले. “अभ्यासक्रम चांगला होता, मला फार उपयोग झाला. आठ टक्के एकाच प्रश्नात गेले. आपला पासवर्ड दुसऱ्याला द्यावा का, असा प्रश्न होता. मी लिहिलं, माणूस भरवशाचा असेल तर द्यावा. त्यांना पटलं नाही.”

अनघाबाईंचा आवाज अगदी गळ्यापर्यंत आला. नेम संपला होता, अडवायला कुणी नव्हतं. पण वर येता येता त्याला बहुधा ती मेथीची जुडी आठवली, कारण तोंडातून निघाला तेव्हा तो नेहमीपेक्षाही हळू होता.

“बसायला काही आहे का?” त्या म्हणाल्या.

प्रतीक्षानं स्टूल पुढं ओढलं. बाईंनी अंग टाकलं तशी ती त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली, आणि त्या सगळं बोलून होईपर्यंत तिनं ऐकून घेतलं. जूनमधलं ऐकलं, आदल्या संध्याकाळी शिकून दुसऱ्या दिवशी शिकवल्याचं ऐकलं. मग म्हणाली, “मॅडम, नवा पत्ता उघडू या का? दोन मिनिटांचं काम हाय. आधी नाव टाका. हळू. घाई न्हाई आपल्याला.”

अनघाबाईंनी दोन बोटांनी नाव टाकलं. पासवर्डाचा चौकोन आला तेव्हा त्या थांबल्या, ओठ हलवत काहीतरी जुळवू लागल्या, आणि जरा मोठ्यानंच पुटपुटल्या.

“मॅडम,” प्रतीक्षा हळूच म्हणाली, “मनात.”

बद्रुद्दीनभाई तोवर उठून भिंतीकडं तोंड करून उभे राहिले होते, दोन्ही हात कानांवर.

“मला नका सांगू,” ते भिंतीला म्हणाले. “पण विसरलात, तर या.”